माझ्या नावाची गादी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. भाऊबीज.

शाळेत असताना मिशनच्या होस्टेलमध्ये शनिवारी धुतलेल्या चादरी वाळून आल्या की मी आणि माझी मैत्रीण पुष्पलता त्यांच्या घड्या घालायचो. दोन कोपरे तिच्या हातात, दोन माझ्या. ओढून ताठ करायच्या, एकमेकींकडे चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, पुन्हा मागे सरायचं. सिस्टरची पाठ वळली की पुष्पलता मध्येच चादर झटकायची आणि माझ्या हातून कोपरा सुटायचा. एवढंच. आज ते आठवलं, कारण आज पहिल्यांदा मी स्वतःच्या घरात चादर घातली, आणि घर इतकं लहान आहे की चादर पसरायला मला दारात उभं राहावं लागलं.

घर म्हणजे ट्रेलर. जीपच्या मागे ओढायचा. आत एक पलंग, एक ओटा, एक खिडकी आणि मी. शाळेतून निवृत्त झाले, जबलपूरची भाड्याची खोली सोडली आणि नागपूरच्या एका कारागिराकडून हा बांधून घेतला. आज माझ्या भाच्याने, लोकेशने, तो लांजीजवळच्या आमच्या गावी ओढून आणला. आमगावच्या पेट्रोल पंपावर एकाने त्याला विचारलं, कुल्फीची गाडी का? लोकेश अजून चिडलेला आहे. मला तर रंग देताना तेच लिहून घ्यावंसं वाटतंय.

ट्रेलर आवारात मोहाच्या झाडाखाली उभा केला. माझी भावजय शेवंता ओवाळणीचं ताट तिथेच घेऊन आली. उंबऱ्याच्या आत बोलावलं नाही. कारण मला ठाऊक होतं. या घरापुरती मी मेलेली आहे.

सन एकवीसच्या मे महिन्यात मी नागपूरच्या एका दवाखान्यात बेशुद्ध होते, आणि शेजारच्या खाटेवरची बाई वारली. निरोप इकडे माझ्या नावाने आला. देह हाती मिळण्याचे ते दिवस नव्हते. धाकट्या भावाने, तेजरामने, पळसाच्या डहाळ्यांची बाहुली केली, तिला माझी इथे राहिलेली हिरवी कोशाची रेशमी साडी नेसवली, बाघ नदीच्या काठी तिला अग्नी दिला. पिंड दिले. तेराव्याला माझ्या नावाने शय्यादानही केलं. बरी झाल्यावर मी फोन केला तेव्हा शेवंताने उचलला आणि ठेवून दिला. पुन्हा केला, पुन्हा ठेवला. शेवटी लोकेशला मेसेज पाठवला की भूत व्हॉट्सॲप वापरत नसतं.

असा गेलेला माणूस परत आला तर त्याने नव्याने जन्म घ्यायचा, अशी इथली रीत. तुपादुधाची आंघोळ, मग तान्ह्या बाळासारखं बारसं, कानात नाव. तोवर घरात पाय ठेवायचा नाही. मी फोनवरच सांगून टाकलं होतं, मी एकदा जन्मले तेवढं पुरे झालं. म्हणून तर घर बरोबर घेऊन आले.

संध्याकाळी तेजरामने माळ्यावरून ताडपत्रीत बांधलेला गठ्ठा उतरवला. गादी, उशी, चादर, ब्लँकेट, छत्री, चपला, तांब्या. शय्यादानाचंच सामान. मी जिवंत निघाले तेव्हा गुरुजींनी ते परत पाठवलं होतं. शेवंता नको म्हणत होती. तेजराम म्हणाला, "मंजूबाई, तुयाच नावानं भरली ही गादी. तूच नीज तिच्यावर." मला हसू आवरेना. पलंगावर टाकली तर अशी नेमकी बसली, जणू सुतार आणि पिंजारी एकमेकांना विचारून काम करत होते.

५ नोव्हेंबर

दोन दिवस फक्त मांडामांड. इतकं सुख बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

लहान घरात आधी जागा ठरते, मग वस्तू येते. जड ते खाली, चाकांच्या वर: तांदळाचा डबा, इस्त्री, पुस्तकं. हलकं वर, पलंगावरच्या फळीवर: शाली, स्वेटर, टोप्या. पलंगाची फळी उचलली की खाली पेटी आहे, माणूस आडवा मावेल एवढी. तिचे मी जाड पुठ्ठ्याने कप्पे पाडले. एकात हिवाळ्याचं, एकात औषधं आणि कागद, एकात नुसते धागे, बटणं, सुया. कपडे घडी न घालता गुंडाळून उभे ठेवले, म्हणजे वरून सगळे दिसतात. दाराच्या आतल्या बाजूला जुन्या चादरीचे खिसे शिवून लावले. पलंगाच्या फळीला कारागिराने भोकं पाडून दिली आहेत, खालून वारा खेळतो, गादीला ओल येत नाही. चादरीचे कोपरे सिस्टरनी शिकवले तसे, पाकिटासारखे दुमडून. सिस्टर त्यावर नाणं टाकून बघायच्या, उडालं पाहिजे.

गादी अगदी कोरी. उशीवर कुणी कधी डोकं टेकलेलं नाही. चपला माझ्याच मापाच्या. तेजरामला माझं माप आठवत होतं याने मला भरून आलं. छत्री दाराशी, चपला दाराशी, तांब्या ओट्यावर.

दुपारी शेवंता बाहेर उभी राहून आत डोकावली. म्हणाली, बाई, मस्तच लावलं हो तुम्ही. मग म्हणाली, गुरुवार चांगला हाय, आंघोळीचं करून टाकू. मी म्हटलं, माझी आंघोळ रोज होते.

८ नोव्हेंबर

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचं सांगायचा महिना. लांजीला गेले. बसस्टँडजवळच्या सेवाकेंद्रात समीक्षा नावाची मुलगी बसते. तिने माझा अंगठा यंत्रावर लावला. घेतला नाही. दुसरा लावला, मग एकेक बोट. ती म्हणाली, "आंटी, उंगली घिस गई है. थोड़ा क्रीम लगाके आना." जन्मभर खडू धरला, बोटं झिजणारच. हसत परतले.

परत आले तर गादीच्या मधोमध खळगा. कुणीतरी वर पहुडून उठावं तसा. मांजर असेल म्हणून चादर ताणून बसवली. पण फळीवरच्या माझ्या शाली खाली दाराशी ठेवलेल्या होत्या. नीट गुंडाळून, एकावर एक.

शेवंता वर चढत नाही. लोकेश बालाघाटला गेलेला. मला वाटलं, मीच काढून ठेवल्या असतील आणि विसरले. वय झालं की माणूस असलं काहीही कबूल करतं.

११ नोव्हेंबर

वय नाही. माझी आठवण शाबूत आहे.

सकाळी विहिरीवरून अंघोळ करून आले तर पेटी रिकामी. पुठ्ठ्याचे कप्पे काढून भिंतीशी उभे केलेले. बटणांचा डबा, औषधं, स्वेटर, सगळं दाराबाहेर पायरीवर, इतकं नीटनेटकं की मला स्वतःला तसं जमलं नसतं. कुणी चोरलं नव्हतं. कुणी जागा करत होतं. आणि पलंगावर शय्यादानाचं सामान मांडलेलं: उशाशी तांब्या, पायाशी चपला, बाजूला छत्री. तेराव्याला मांडतात तसं.

मी सगळं परत आत भरलं. मोठ्याने बोलत भरलं. म्हटलं, हे घर माझ्या पैशाचं आहे आणि इथे काय कुठे राहील ते मी ठरवणार.

मग वाळलेली चादर घडी घालायला घेतली. एकटीच होते. दोन कोपरे हनुवटीखाली धरले, दोन खाली सोडले. खालचे दोन उचलले गेले. चादर ताठ झाली. समोर कुणी नव्हतं, मोहाचं झाड होतं आणि ऊन होतं, आणि चादर ताठ होती. ओढ हलकी होती, सवयीची. मी सोडली नाही. मी जोरात झटका दिला आणि ती सुटली.

शेवंताला सांगितलं. ती खाली बसली. म्हणाली, बाई, ज्या बाहुलीले तुमच्या नावानं जाळलं, पिंड चारले, निजायले गादी दिली, ते कुठं जाईल? तिले तर कोनीच सांगितलं नाही का तुमी जिवंत हाव. गादी तिची, आन तुमी निजता तिच्यावर. आंघोळ करून घ्या, नाव कानात पडू द्या, म्हंजे तिचं-तुमचं तुटून जाईल.

मी नाही म्हटलं. मी मेलेच नव्हते, तर परत जन्म कशाला घेऊ? एकदा मान्य केलं की मेले होते, तर मग ती खरी आणि मी नंतरची. हे मी होऊ देणार नाही.

१३ नोव्हेंबर

बोटांना चार दिवस व्हॅसलिन चोळलं आणि लांजीला गेले. समीक्षाने वर बघितलं आणि तिला हसू आलं. म्हणाली, "आंटी, आप तो कल ही आई थीं ना? हो गया आपका. एक ही बार में अंगूठा लग गया."

मी काल आवाराबाहेर पडले नव्हते.

तिला विचारलं, काल मी काय नेसले होते. ती म्हणाली, हिरवी साडी, आणि हातात छत्री, एवढ्या थंडीत. मी फारशी बोलले नाही म्हणे. काठ जळाल्यासारखा होता, तिने विचारलं तर मी नुसती हसले म्हणे. आंटी, तबियत ठीक है ना, असं तिने दोनदा विचारलं.

म्हणजे सरकारदरबारी मी जिवंत आहे. अंगठा तिचा.

परत येऊन चपला पाहिल्या. मी त्या एकदाही घातलेल्या नाहीत. मला माझ्या जुन्याच बऱ्या. तळाला लांजीच्या रस्त्याची लाल धूळ. आणि टाचेशी पळसाच्या पानाचा तुकडा, कडेने काळा.

चपला पेटीत टाकून वर पुस्तकं रचली. गादीवर झोपले. मुद्दाम. दुपारभर झोपले, हातपाय पसरून.

१५ नोव्हेंबर

आज पाहिली.

भर दुपारी. ओट्यावर चहा टाकायला वळले होते, मागे वळले तर ती पलंगावर. भिंतीकडे तोंड करून. हिरवी कोशाची साडी, काठ जळका. अंग सगळं काडीकाडीचं, पण आकार माझा. डावा खांदा माझ्यासारखा वर. धूर आणि भाताचा वास, पिंडाच्या भाताचा, काळे तीळ घातलेल्या. ती दमलेली दिसत होती. लांबून चालत आलेलं माणूस निजतं तशी निजली होती.

मला तिची दया आली, हे लिहून ठेवते. तिने काही मागितलं नव्हतं. तिला बांधली, माझी साडी दिली, माझं नाव दिलं, जाळलं. मग गादी दिली आणि काढून घेतली.

तरी मी म्हटलं, ऊठ. मी म्हटलं, मंजुषा मी आहे. बाकी काय हवं ते घे, ब्लँकेट घे, छत्री घे, इथून जा. ती हळूच भिंतीकडे सरकली. माझ्यासाठी अर्धी जागा केली.

मी आडवी झाले नाही. स्टुलावर बसून राहिले, चहा प्याले. चहाला चव नव्हती. कप रिकामा झाला तेव्हा पलंग रिकामा होता.

१७ नोव्हेंबर

शेवंता आनंदात. गुरुवारचं ठरलं म्हणाली, दूध सांगितलं, शेजारची गीताकाकू आत्या म्हणून कानात नाव सांगेल. मी म्हटलं, कुणी सांगितलं मी तयार आहे म्हणून? ती हसायला लागली. "काहून मजाक करता बाई? कालच तर तुमी येऊन बसल्या अंगनात. हौ म्हनलं. दहीभात खाल्ला पोटभर."

मी काल दहीभात खाल्ला नाही. मी परवापासून काही खाल्लेलं नाही, आणि भूक नाही.

तेजरामला ट्रेलरच्या पायरीवर बसवून सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण बघत माझ्या खांद्यावरून मागे. मग म्हणाला, बाई, काल तू किती निवांत होतीस. तसंच राह ना.

त्यांना ती आवडली. ती वाद घालत नाही.

१९ नोव्हेंबर

लोकेशला म्हटलं, ट्रेलर जोड, आजच निघू, वारासिवनी, तिरोडी, कुठेही. तो म्हणाला, आत्या, गुरुवार होऊ दे, मग. सगळे असंच म्हणतात. बसने एकटी जाता येईल. लांजीचा रस्ता कुणी अडवलेला नाही.

पण मी का जाऊ? उपरी मी नाही. तीन वर्षं मला एकानेही घरात घेतलं नाही म्हणून मी घर आणलं. आता घरातूनही उठू?

गादी ओढून बाहेर मोहाखाली टाकली. विहिरीवर हात धुऊन आले. गादी पलंगावर. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडलेले. इतके घट्ट की —

तेही तिला येतं.

माझे कपडे पायरीवर. पुस्तकं पायरीवर. पुन्हा आत आणली. हात हलके झालेत, वस्तू जड.

२० नोव्हेंबर

आरशात बघितलं. आहे मी. थोडी फिकी, पण आहे.

शेवंता जेवायला हाक मारत होती, बाई, या. मी दारात गेले. ती माझ्याकडे बघत नव्हती. अंगणात पाट मांडलेला होता, आणि पाटावर —

बसू दे. मला भूक नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दार बाहेरून लावलंय. कडी. बाहेरून लावायची कडी मीच बसवून घेतली होती, प्रवासात दार उघडू नये म्हणून.

खळ्यात थ्रेशर चालू आहे. धानाचा भुसा सगळीकडे. ओरडून घसा बसला, कुणाला ऐकू जात नाही. खिडकीला दोनच गज, पण अंग निघत नाही. अंगण दिसतं इथून.

पाट. दुधाची घागर. ती बसली आहे. हिरवी साडी. शेवंता तिच्या डोक्यावर ओततेय, आणि रडतेय, सुखाने. तेजराम हात जोडून. मी तांब्या खिडकीतून फेकला. घरंगळत गेला. लोकेशने उचलला, पुसला, आणि तिच्यापुढे नेऊन ठेवला.

कात्री घेतली. गादी फाडली. उभी, आडवी, सगळी. कापूस मुठीमुठीने गजांतून बाहेर. भुशात मिसळून उडतोय. निजायला काही उरलं नाही, तिला नाही, मला नाही. हे मी केलं. हे लिहून ठेवते.

दूध संपलं. तिला पुसतायत. अंग भरलंय तिचं. काड्या दिसत नाहीत आता. माझा हात — अक्षरं वाकडी येतायत, माफ करा —

कुणाला काय द्यायचं ते सांगते. मी शुद्धीवर आहे.

ट्रेलर लोकेशला. आवारात ठेवू नये. ओढून न्यावा, लांब, समुद्र बघावा.

शिवणाचं मशीन शेवंताला. तिच्यावर माझा राग नाही. थोडा आहे.

पुस्तकं लांजीच्या शाळेला. शाली पुष्पलताला पाठवाव्यात, तिला थंडी सोसत नाही.

रेडिओ तेजरामला. त्याने माझं माप लक्षात ठेवलं होतं.

पेन्शन कुणीही घेऊ नये. जो अंगठा देऊन जातो तो माझा नाही.

छत्री, चपला, तांब्या, ब्लँकेट — नदीत. कुणी वापरू नये. कुणाला परत करू नये.

बाहेर जी बसली आहे तिला माझ्याकडून काही नाही. दहीभात खाल्ला तेवढं —

थ्रेशर थांबला. आता ऐकू जाईल. हाक मारली. तेजराम म्हणून. जोरात.

ती वळली. फक्त ती.

गीताकाकू वाकली तिच्या कानाशी. मी इथे आहे. हे सगळं माझ्या हाताने लिहिलंय, जिवंतपणी, आणि खाली सही करते आहे, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको. लिहून देते मी,

मं